होही नाही, नाहीही नाही : एका फौंड्रीतल्या मुलाखतीचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका लॅब इन्चार्ज मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि पगाराचे आकडे थोडे बदलले आहेत, घडलेला क्रम मात्र तोच आहे. लघुउद्योगांसाठी भरतीचं आणि हजेरी-पगाराचं काम मी करतो. त्यामुळे मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं माझ्याशी बोलतात, आणि या प्रकरणात तर दोन्ही बाजूंनी बोलली.

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत या तीन ठिकाणी कोल्हापूरच्या बहुतेक फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. शहरातल्या उद्यमनगरात पॅटर्नवाले (साच्यासाठी भागाचा नमुना बनवणारे) आणि छोटी मशीनशॉप. एकाचं कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, दुसऱ्याकडं मशीनिंगला जातं, तिसरा पॅटर्न करतो, चौथा वाळू पुरवतो. मालक मालकांना ओळखतात, सुपरवायझर सुपरवायझरांना. शिरोलीत सकाळी कुणी राजीनामा दिला तर दुपारच्या चहाला तो गोकुळ शिरगावात कळलेला असतो. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीला धरून झाले.

ही मुलगी कसबा बावड्यात राहते. मेटलर्जीचा डिप्लोमा केलेला. शिरोलीतल्या एका मध्यम फौंड्रीत तिचं पाचवं वर्ष चालू होतं. भट्टीतल्या प्रत्येक हीटचं, म्हणजे वितळवलेल्या खेपेचं, सॅम्पल स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) मारणं, वाळूचा ओलावा आणि ताकद तपासणं, मायक्रोस्कोपखाली ग्राफाइट बघणं, ग्राहकाचं ऑडिट आलं की फायली मांडणं, सगळं तीच करायची. पगार २४ हजार, त्यात बेसिक १६ हजार. त्या वर्षी तिच्या डोक्यावर बाहेरून एक इंजिनिअर आणून बसवला आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी तिच्यावरच टाकली. तिनं बाहेर बघायला सुरुवात केली, यात मला काही वावगं वाटत नाही.

दिवाळी झाली, बोनस हातात पडला की आपल्याकडच्या वसाहतींत माणसं हलतात. गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीला लॅब इन्चार्ज हवा असल्याचं तिला त्याच सुमारास कळलं. ती फौंड्री ट्रॅक्टर आणि ट्रकचे भाग करते, तिच्या आत्ताच्या कारखान्यापेक्षा मोठी आहे. तिनं बायोडाटा पाठवला आणि दोन दिवसांत बोलावणं आलं.

मुलाखती

पहिली मुलाखत चांगली झाली. प्लँट हेडनी कामाचंच विचारलं. एसजी आयर्नमध्ये (ज्यातलं ग्राफाइट गोळ्यांच्या आकाराचं असतं अशा ओतीव लोखंडात) मॅग्नेशियम किती राहू देता? मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटनंतर पोरिंगला (साच्यात ओतायला) उशीर झाला तर काय होतं? तिनं सांगितलं की मॅग्नेशियम उडत जातं, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, म्हणून अमुक मिनिटांनंतर लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) उरलेलं मेटल भागात ओतू देत नाही, भले सुपरवायझरशी वाजलं तरी चालेल. प्लँट हेड हसले. मुलाखत तिथंच जमली होती, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

दुसरी मुलाखत मालकांबरोबर. सकाळी अकराची वेळ दिली होती, मालक दीड वाजता आले. दहा मिनिटं बोलले. त्यात लग्नाचं कधी, लग्नानंतर नोकरी करणार का, हेही आलं. फौंड्रीत मुली कमी असल्यामुळे असले प्रश्न हक्कानं विचारले जातात. तिनं "काम थांबवायचा विचार नाही" एवढंच उत्तर दिलं.

उठता उठता मालकांनी तिला एक काम दिलं. ऑगस्ट ते ऑक्टोबरचा ब्लो होल रिजेक्शनचा, म्हणजे आत पोकळी राहून बाद झालेल्या कास्टिंगचा, डेटा एचआर पाठवतील, त्यावर अहवाल करून द्या. तिनं चार-पाच रात्री बसून तो केला. सगळे भाग, सगळ्या शिफ्ट वेगळ्या काढल्यावर तिला दिसलं की खराब कास्टिंग सगळीकडं सारखी पसरलेली नाहीत. हाउसिंग नावाच्या एकाच भागात आणि तेही साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला ती उसळतात. तिचा निष्कर्ष असा, की सुट्टीच्या आदल्या दिवशी करून ठेवलेले कोअर (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे तुकडे) पावसाळी हवेत उघडे पडून ओलावा धरतात. गरम मेटल पडलं की त्या ओलाव्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. उपाय दोन ओळींचा होता : आदल्या दिवशी कोअर कमी करा, उरलेले झाकून ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा ओव्हनमध्ये टाका. अहवाल मी वाचलाय. पगारी माणसाकडून पंधरा दिवसांत आला असता तरी चांगलाच म्हटला असता.

अहवाल पाठवल्यावर एचआरचा फोन आला. ३२ हजारांचा आकडा बोलून झाला. मूळ मार्कलिस्ट आणून ठेवा, म्हणाले. तिनं मूळ दाखवल्या, साक्षांकित झेरॉक्स दिल्या आणि मूळ परत घेऊन आली. हा निर्णय तिनं कुणालाही न विचारता घेतला आणि तो अगदी बरोबर होता. निघताना एचआर म्हणाले, "मॅडम, तुमचं झाल्यासारखंच आहे. राजीनाम्याचं बघून ठेवा. लेटर पुढच्या आठवड्यात."

अडचण

पुढचा आठवडा गेला. तिनं फोन केला, "साहेब बाहेर आहेत, आले की कळवतो." त्यानंतरचा आठवडा गेला, "साहेब आलेत, पण ऑडिट चालू आहे." मग फोन उचलणं बंद झालं. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. प्लँट हेडना मेल केला, तोही तसाच. डिसेंबर उजाडला.

ती माझ्याकडं आली तेव्हा नोकरीपेक्षा घरच्या प्रश्नांनी जास्त वैतागली होती. "सर, घरात रोज विचारालेत, काय झालं त्या नोकरीचं. मी काय सांगू? हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मी कंटाळलो आता."

वरवर बघता अडचण एवढीच, की कंपनी उत्तर देत नाही. पण खाली तीन गुंते होते. एक, "झाल्यासारखंच" या बोलण्यावर राजीनामा द्यायचा का? तिच्या नेमणूक पत्रात एक महिन्याची नोटीस होती आणि नवीन कंपनीला माणूस आठ दिवसांत हवा होता. दोन, ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. ती जूनमध्ये लागली होती, येत्या जूनला पाच वर्षं भरणार होती. शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं या हिशोबानं तिचे साधारण ४६ हजार होत होते. काही न्यायालयांनी पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले तरी हक्क मान्य केला आहे, पण त्यासाठी भांडावं लागतं आणि तिचे तेवढे दिवसही अजून भरले नव्हते. तिसरा गुंता वसाहतीचा. जितके दिवस हे लोंबकळत राहील, तितकी बातमी शिरोलीत पोहोचण्याची शक्यता जास्त. आणि आत्ताच्या मालकांना कळलं की ही बाहेर बघतेय, तर पुढची पगारवाढ विसरायची.

समोरचे पर्याय

राजीनामा देऊन टाकायचा आणि मग कंपनीवर जोर आणायचा, हा पर्याय तिच्या भावानं सुचवला होता. आपण मोकळे झालोय म्हटल्यावर ते नाही कसं म्हणतील, असं त्याचं म्हणणं. मी याला ठाम विरोध केला. तोंडी करारही कायद्यानं करार असू शकतो, भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात प्रत्येक करार लेखीच हवा असं नाही. पण "झाल्यासारखंच" म्हणजे झालेलं नव्हे. फोनवरचं बोलणं सिद्ध करायचं कुणी, आणि ३२ हजारांच्या नोकरीसाठी कसबा बावड्यातून उठून कोर्टात जायचं कुणी?

फोन करत राहणं हा दुसरा. ती तेच करत होती. त्यातून उत्तर मिळत नव्हतंच, उलट एचआरचा माणूस तिचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवत असणार.

तिसरा पर्याय खास कोल्हापुरी : ओळख काढायची. तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे आणि ते याच फौंड्रीला पॅटर्न देतात. दाजींनी मालकांना एक शब्द टाकला तर काम होईल, असं घरच्या सगळ्यांचं मत. तिनं दाजींना विचारलं. ते म्हणाले, "अगं, माझंच बिल तीन महिने अडकलंय तिथं. तुझं मी कुठल्या तोंडानं विचारू?"

या उत्तरावर मी बराच वेळ विचार केला. दाजींच्या बिलाला निदान कायदा आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दाजी तो कायदा वापरत नाहीत, कारण पुढची ऑर्डर हवी असते, हा भाग वेगळा. उमेदवाराच्या वाट बघण्याला तेवढंही नाही. खासगी कंपनीनं मुलाखतीचा निकाल कळवावा असं कुठल्या कायद्यात नाही आणि माहितीचा अधिकार तिथं लागू नाही. दुसरं म्हणजे, जी कंपनी पॅटर्नवाल्याचं बिल अडवते, ती उत्तर अडवते यात तिचा कल दिसतो. अशा ठिकाणी पगार सात तारखेला होतो का, हे आधी विचारून घ्यायला हवं. ते दाजींकडून कळलं असतं, आणि ओळखीचा खरा उपयोग तोच होता.

ओळख काढण्याला माझा आणखी एक आक्षेप होता. ओळखीनं मिळालेली नोकरी दाजींच्या खात्यावर जमा होते. उद्या तिथं तिचं कुणाशी वाजलं तर पॅटर्नच्या ऑर्डरवर परिणाम.

थेट मालकांना गाठणं, हे आम्ही लगेच सोडून दिलं. आत्ताच्या ठिकाणी हा ३२ हजारांचा आकडा दाखवून वाढ मागणं, तेही. हातात कागद नसताना आकडा दाखवला आणि त्यांनी एक फोन केला, तर दोन्हीकडून जायचं.

काय केलं

आम्ही प्रश्न बदलला. तोवर ती विचारत होती, "माझं झालं का?" हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात होता. अशा मालकी कारखान्यांत एचआर म्हणजे एकच माणूस असतो. पीएफ, ईएसआय, कँटीन, हजेरी, गेटपास सगळं त्याच्याकडं आणि निर्णय एकही नाही. मालकांनी हो म्हटलेलं नसतं, म्हणून तो हो म्हणू शकत नाही. मालकांनी नाही म्हटलेलं नसतं, म्हणून नाही म्हणण्याचीही त्याला सोय नसते. मग तो फोन उचलत नाही. यात माज कमी आणि अवघडलेपण जास्त असतं.

म्हणून असा मजकूर लिहायचा ठरलं, ज्याला तो मालकांना न विचारता उत्तर देऊ शकेल, आणि त्यानं काहीच केलं नाही तरी आपला निर्णय होऊन जाईल. मेल इंग्रजीत गेला, आशय असा : दोन्ही मुलाखती अमुक तारखांना झाल्या, अहवाल अमुक दिवशी दिला, पगाराचं बोलणं या आकड्यावर झालं. पद अजून रिकामं आहे का, एवढं कळवावं. येत्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत लेखी ऑफर आली तर नोटीस देऊन मी एक महिन्यात रुजू होईन. तोपर्यंत काही आलं नाही तर माझा अर्ज मागे घेतला असं समजावं. दिलेल्या वेळेबद्दल आभार.

तक्रारीचा एक शब्दही त्यात नव्हता. पहिल्या मसुद्यात "तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती" हे वाक्य होतं, ते मी काढायला लावलं. तिला ते पटलं नाही, पण काढलं. मेल एचआरना गेला आणि प्रत प्लँट हेडना. मग तोच मजकूर मराठीत, तीन ओळींत, व्हॉट्सअॅपवर. त्यानंतर फोन करायचा नाही, असं ठरलं. तिला सगळ्यात जड हेच गेलं.

दहा तारखेची वाट बघत बसायचं नाही, हेही ठरलं होतं. तिनं आणखी तीन ठिकाणी बायोडाटा दिला आणि आत्ताच्या नोकरीत जूनपर्यंत काढायची मनाची तयारी केली.

पलीकडं काय चाललं होतं

हे मला नंतर कळलं. त्या एचआरच्या गृहस्थांची एका कामानिमित्त गाठ पडली आणि त्यांनीच विषय काढला.

त्या फौंड्रीतल्या जुन्या लॅब इन्चार्जनं दिवाळीआधी राजीनामा दिला होता, म्हणून भरती निघाली. हिच्या दोन्ही मुलाखती झाल्या, प्लँट हेडना ती पसंत पडली. मग मालकांनी जुन्या माणसाला बोलावून पगार वाढवून दिला आणि तो थांबला. पण तो खरंच थांबेल की चार महिन्यांनी पुन्हा जाईल, याची मालकांना खात्री नव्हती. म्हणून हिला नाही सांगायचं नाही, असं ठरलं. "थोडं लांबवा," एवढीच सूचना एचआरना होती. अहवालाची प्रिंट जुन्या इन्चार्जच्या टेबलावर गेली आणि सुट्टीनंतरचे कोअर ओव्हनमध्ये टाकायला तिथं सुरुवातही झाली.

"राजीनाम्याचं बघून ठेवा" हे तुम्ही का बोललात, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी खरंच तसं वाटत होतं. माझा यावर विश्वास आहे. पण तिनं त्यांच्या वाटण्यावर राजीनामा दिला असता तर तिचा जानेवारीचा पगार कुणी द्यायचा?

निष्पत्ती

दहा तारखेपर्यंत काहीही आलं नाही. अकराला तिनं घरी सांगितलं, ते संपलं. घरचे प्रश्न थांबले, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा त्रास त्याच दिवशी गेला.

फेब्रुवारीत कागलच्या वसाहतीतल्या एका मशीनिंग कंपनीत तिची मुलाखत झाली. तिथं येणारी कास्टिंग तपासणारी लॅब आहे. पगार २९ हजार, म्हणजे त्या तोंडी आकड्यापेक्षा कमी. पण मुलाखत संपताना त्यांनी स्वतः तारीख सांगितली आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी ऑफर लेटर मेलवर आलं. तिनं ग्रॅच्युइटीचं स्पष्ट सांगून जूनअखेरीस रुजू होण्याची मुभा मागितली. त्यांनी थोडी कुरकुर केली आणि दिली. पाच वर्षं भरल्यावर तिनं शिरोलीतून रीतसर निरोप घेतला, ग्रॅच्युइटीचा चेक यथावकाश आला.

मधे एप्रिलमध्ये गोकुळ शिरगावातून फोन आला होता. जुना इन्चार्ज शेवटी गेला होता. "मॅडम, अजून इंटरेस्ट आहे का?" तिनं नाही म्हणून सांगितलं, त्याच दिवशी, लेखी.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख पहिल्यांदा ठरवायला हवी होती ती दुसऱ्या मुलाखतीतून उठताना. "साहेब, निर्णय कधीपर्यंत होईल, आणि तो मला कोण कळवेल?" हे विचारायला आपली मुलं बिचकतात, उतावीळपणा दिसेल म्हणून. मी टेबलाच्या पलीकडे बसतो तेव्हा मला त्यात उतावीळपणा दिसत नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. कळवणाऱ्या माणसाचं नाव मालकांच्या तोंडून आलं की त्या माणसाला उत्तर देण्याची मुभा आपोआप मिळते.

ही जागा नवीन आहे की कुणी सोडून जातंय म्हणून भरायचीय, हे पहिल्याच मुलाखतीत विचारायला हवं होतं. कुणी जातोय असं कळलं असतं, तर तो थांबण्याची शक्यता धरून तिनं दुसरीकडचे अर्ज आधीच सुरू ठेवले असते. नोव्हेंबरचे ते आठवडे वाया गेले, ते या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे.

कंपनीच्या बाजूनं बघायचं तर डिसेंबरातच "सध्या जागा भरलेली आहे, पुढे लागली तर कळवू" असं लिहिलं असतं तर एप्रिलच्या फोनला वेगळं उत्तर मिळालं असतं, असं ती स्वतः म्हणते. एचआरच्या गृहस्थांना मी सुचवलं की उमेदवारांच्या यादीत "उत्तर कधी दिलं" असा एक रकाना घाला आणि तीन आठवड्यांनंतर मालकांना न विचारता नकार पाठवायची परवानगी एकदाच लेखी घेऊन ठेवा. रकाना त्यांनी घातला. परवानगीचं अजून विचारायचंय, म्हणाले.

राहिला अहवाल, आणि त्यावर तिचं आणि माझं जमत नाही. माझं म्हणणं, नेमणुकीआधी कंपनीचा खरा डेटा देऊन खरं काम करून घेत असतील, तर कुठं बघायचं आणि कसं बघायचं एवढंच सांगावं, उपाय रुजू झाल्यावर. तिचं म्हणणं उलट आहे. अर्धवट अहवाल दिला असता तर ते काम मीच अर्धवट केलं असं दिसलं असतं, आणि कागलच्या मुलाखतीत सांगायला माझ्याकडं काहीच उरलं नसतं. तिथं तिनं कंपनीचं नाव आणि भागाचा नंबर न सांगता, फळ्यावर शिफ्टवार आलेख काढून, सुट्टीनंतरच्या कोअरचं सगळं समजावलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यावर पाऊण तास प्रश्न विचारले, पगाराचं बोलणं शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं.